पालकांना आधी धडा वाचू द्या

मेरिलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीच्या शाळांविरुद्ध काही पालकांनी नेलेल्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी निकाल दिला. वाद प्राथमिक वर्गांत वापरल्या जाणाऱ्या, समलिंगी आणि पारलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांचा होता. खटल्याचा अंतिम निवाडा होईपर्यंत धर्मश्रद्धेमुळे आक्षेप असलेल्या पालकांना आगाऊ सूचना मिळावी आणि त्यांच्या मुलांना त्या तासापुरती सूट मिळावी, असे न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले. हायस्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या ‘जागतिक संस्कृती’ या विषयाशी या निकालाचा थेट संबंध नाही. तरीही पालकांना या विषयाची ओळख कशी करून द्यावी, हा जुना प्रश्न आता ‘सूचना’ आणि ‘सूट’ या दोन शब्दांतच अडकून पडला आहे. एका बाजूला पालक म्हणजे नकाराधिकार असलेला मालक, तर दुसऱ्या बाजूला तो म्हणजे सही घेऊन वाटेला लावायचा अडथळा, अशा दोन चुकीच्या कल्पनांमध्ये हा वाद चालला आहे. माझी भूमिका वेगळी आहे. पालकांना या विषयाची ओळख करून देणे हा अध्यापनाचाच भाग आहे, आणि ती ओळख परिपत्रकाने नव्हे, तर खरा धडा, खरा गृहपाठ आणि खरी प्रश्नपत्रिका समोर ठेवून व्हायला हवी. त्यातली चूक दाखवण्याचा, खुलासा मागण्याचा आणि आपल्या समाजाचे चित्रण तपासण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. मात्र जगातल्या इतर माणसांविषयी वर्गाने काय जाणूच नये, हे ठरवण्याचा हक्क त्यांना नाही.

हा विषय बीजगणितासारखा नाही, हे प्रथम मान्य करायला हवे. वर्गसमीकरण सोडवून घरी आलेला मुलगा आईवडिलांच्या जगण्याला प्रश्न विचारत नाही. अंत्यविधी, विवाह, उपास, वारसाहक्क, वडीलधाऱ्यांचे स्थान यांविषयी चार समाजांच्या चार रीती वाचून आलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मात्र तो प्रश्न विचारते, आणि विचारावाच, अशीच या विषयाची अपेक्षा असते. म्हणजे या वर्गातली निम्मी चर्चा घरीच घडणार असते. ज्या घरात ती घडणार आहे, त्या घराला विषयाचे नाव आणि शिक्षकाचे नाव यापलीकडे काहीच माहीत नसेल, तर मुलाच्या तोंडून जे तुटक वाक्य बाहेर पडेल तोच पालकांच्या दृष्टीने अख्खा अभ्यासक्रम ठरतो. मग त्या वाक्यावरून शाळेविषयी मत बनवले, म्हणून पालकांना दोष कसा द्यायचा?

अशा तुटक वाक्यांनी एका उत्तम अभ्यासक्रमाचा बळी घेतल्याचा इतिहास आहे. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘मॅन : अ कोर्स ऑफ स्टडी’ हा अभ्यासक्रम तयार झाला. त्याला राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य होते. तो साधारण दहा वर्षांच्या मुलांसाठी होता. सामन मासा, हेरिंग गल पक्षी, बबून वानर आणि शेवटी कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नेटसिलिक इन्युइट समाज, अशा टप्प्यांनी मुलांना एका प्रश्नाकडे न्यायचे होते : माणसाला माणूस कशामुळे म्हणायचे? नेटसिलिकांच्या पारंपरिक जीवनाचे चित्रण मानववंशशास्त्रज्ञ असेन बालिक्सी यांच्या चित्रफितींत होते, आणि त्या आजही मोलाच्या मानल्या जातात. पण १९७० मध्ये फ्लोरिडातील लेक सिटी येथे विरोध सुरू झाला, आणि १९७५ मध्ये ॲरिझोनाचे प्रतिनिधी जॉन कॉनलन यांनी हा विषय थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये नेला. तोपर्यंत चर्चेत उरले होते ते एवढेच, की मुलांना बालहत्या आणि म्हाताऱ्यांना बर्फात सोडून देणे शिकवले जाते. कडाक्याच्या उपासमारीत एखाद्या समाजाला कोणते भीषण निर्णय घ्यावे लागतात, हा मूळ संदर्भ गळून पडला. सरकारी पाठबळ आटले, आणि अभ्यासक्रम हळूहळू वर्गांतून नाहीसा झाला. विरोधकांचा राजकीय हेतू होता, असे म्हणून ही कथा संपवता येत नाही. राजकीय हेतूला कान देणारे पालक हजारोंनी का मिळाले, हा खरा प्रश्न आहे. ज्याने ती चित्रफीत स्वतः पाहिली आहे, शिकार आणि वाट पाहणे यांत गेलेले त्या माणसांचे दिवस पाहिले आहेत, त्याला ‘म्हाताऱ्यांना मारायला शिकवतात’ या वाक्याने सहजी भडकवता येत नाही. ज्याने ती पाहिलेली नाही, त्याच्यापाशी त्या वाक्याखेरीज दुसरे काहीच नसते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील ऑगस्टा काउंटीत एका हायस्कूलच्या जागतिक भूगोलाच्या वर्गात अरबी सुलेखनाचा स्वाध्याय दिला गेला. अरबी लिपी किती कलात्मक आणि अवघड आहे, हे मुलांनी हाताने गिरवून अनुभवावे, एवढाच हेतू होता. परंतु गिरवायला दिलेला मजकूर होता शहादा, म्हणजे इस्लाममधील श्रद्धेची मूळ घोषणा. दूरध्वनी आणि पत्रांचा असा भडिमार झाला, की त्या काउंटीतील सर्व शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. या प्रसंगावर झालेल्या चर्चेत एका बाजूने धर्मांतराचा कट पाहिला, तर दुसऱ्या बाजूने केवळ मुस्लिमद्वेष पाहिला. मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. तो स्वाध्याय निवडणाऱ्याला त्या ओळीत फक्त सुंदर अक्षरे दिसली, कारण ती ओळ त्याच्या श्रद्धेची नव्हती. श्रद्धावान ख्रिस्ती पालकाला ती परक्या धर्माची शपथ वाटली. आणि ते वाक्य मनापासून उच्चारणाऱ्या मुस्लिम पालकाला तरी ते वर्गात गिरवण्याचा कित्ता म्हणून वापरलेले आवडले असते का? सत्र सुरू होण्याआधी दहा पालकांनी तो स्वाध्याय नुसता डोळ्यांखालून घातला असता, तर त्यांच्यापैकी कोणीतरी सांगितले असते, की लिपीच दाखवायची असेल तर एखादे साधे वाक्य किंवा कवितेची ओळ द्या. विषयाला तसूभरही धक्का न लागता चूक दुरुस्त झाली असती. पालकांची नजर शिक्षकाच्या नजरेपेक्षा श्रेष्ठ असते, असे मी म्हणत नाही. ती वेगळ्या जागेवरून पाहते, आणि या विषयाला नेमकी त्याचीच गरज आहे.

आता पालकांच्या बाजूच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येऊ. तो असा : तटस्थ अभ्यासक्रम ही एक गोड कल्पना आहे; कोणता धर्म आधी, कोणाला किती पाने, कोणाची रीत ‘संस्कृती’ आणि कोणाची ‘अंधश्रद्धा’, या प्रत्येक निवडीत कुणाचा तरी दृष्टिकोन असतोच; तेव्हा शाळेने तटस्थतेचा आव आणू नये. हा मुद्दा खरा आहे, आणि तो मानवाधिकाराच्या एका मोठ्या न्यायालयानेही गंभीरपणे घेतला आहे. नॉर्वेने १९९७ मध्ये सर्व मुलांसाठी ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि तत्त्वज्ञान यांचा एक समान विषय सुरू केला. पूर्ण सूट नव्हती. जे उपक्रम आपल्या श्रद्धेला बाधक वाटतील तेवढ्यांपुरती सूट होती. काही पालक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, आणि २९ जून २००७ रोजी नऊ विरुद्ध आठ अशा निसटत्या बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल लागला. ख्रिस्ती धर्माला जास्त वेळ दिला, एवढ्यावरून न्यायालयाने विषय दोषी ठरवला नाही. त्या देशाच्या इतिहासात त्याचे स्थान पाहता ते समजण्यासारखे आहे, असेच म्हटले. दोष निघाला तो विषयाच्या एकूण झुकावात आणि सवलतीच्या व्यवस्थेत. कोणत्या दिवशी काय शिकवले जाणार, हे पालकांना तपशिलात कळण्याची खात्री नव्हती, आणि सूट मागताना आपल्या अंतरंगातल्या श्रद्धा शाळेपुढे उघड करण्याची वेळ त्यांच्यावर येण्याचा धोका होता. या निकालाचा आधार घेऊन ‘म्हणून असे विषयच नकोत’ असे म्हणणारे तो अर्धाच वाचतात. सूट मागण्याचा अधिकार कागदावर असला, तरी धडा समोर नसेल तर तो अधिकार पोकळ ठरतो, असे त्यातून मला दिसते. तटस्थता पूर्ण साधत नाही हे मान्य केले, तर उपाय एकच उरतो : निवडी उघड करा. हा धडा का घेतला, तो का वगळला, याचे कारण शिक्षकाने पालकांसमोर सांगावे. कारण सांगावे लागते तेव्हा निवडही अधिक विचारपूर्वक होते.

याच बाजूचा दुसरा मुद्दा म्हणजे पालकांचा हक्क मूलभूत आहे. आहेच. १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यातील २६ वे कलम सांगते, की आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण मिळावे हे ठरवण्याचा अग्रहक्क पालकांचा आहे. नाझी राजवटीने शाळेच्या मार्गाने मुलांना घरापासून तोडून राज्याच्या ताब्यात घेतल्याची आठवण तेव्हा ताजी होती. त्या वाक्यामागे ती जखम आहे आणि ते वाक्य हलके मानण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण हे त्या कलमाचे तिसरे उपकलम आहे. त्याच्याच आधीचे दुसरे उपकलम म्हणते, की शिक्षणाने सर्व राष्ट्रे, वंश आणि धार्मिक गट यांच्यात समजूत, सहिष्णुता आणि मैत्री वाढवली पाहिजे. ही दोन वाक्ये एकाच कलमात शेजारी शेजारी लिहिणाऱ्यांना त्यांच्यातला ताण दिसला नसेल का? नाझी शाळेत दोन्ही गोष्टी एकदमच मारल्या गेल्या होत्या : घराचा शब्द आणि परक्या माणसाविषयीचे खरे ज्ञान. म्हणून दोन्ही एकदमच परत मिळवायच्या होत्या. जो आज फक्त तिसऱ्या उपकलमाचा झेंडा उचलतो किंवा फक्त दुसऱ्याचा, तो त्या अनुभवाचा अर्धाच धडा घेतो.

दुसऱ्यांच्या रीती समजून घेतल्या की मूल आपल्या श्रद्धेपासून ढळते, ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. आपल्या घरातला दिवा मुलाने पुढे नेऊ नये, असे कोणत्या आईवडिलांना वाटेल? परंतु ही भीती अनुभवाला धरून आहे का, हे पाहिले पाहिजे. इसवी सन १०३० च्या सुमारास मध्य आशियातील विद्वान अल् बिरूनीने भारताविषयीचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो संस्कृत शिकला, पंडितांशी बोलला, त्यांचे ग्रंथ वाचले. आपण खंडनमंडनाचे पुस्तक लिहीत नसून हिंदूंची मते जशी आहेत तशी मांडणार आहोत, असे त्याने आरंभीच सांगून टाकले. तो श्रद्धावान मुसलमान होता आणि अखेरपर्यंत राहिला. कित्येक गोष्टी त्याला पटल्या नाहीत, आणि तसेही त्याने लिहिले. न पटलेली गोष्ट नीट समजावून सांगता येणे, हीच तर या विषयाची खरी परीक्षा आहे. अलीकडचा दाखला कॅलिफोर्नियातील मोडेस्टो शहराचा आहे. तेथे २००० साली नववीच्या विद्यार्थ्यांना जागतिक धर्मांचा एक छोटा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. तो सुरू करण्याआधी शिक्षण मंडळाने स्थानिक धर्मसमुदायांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत केली. अभ्यासाचा आरंभ कोणत्याही धर्मापासून न करता धर्मस्वातंत्र्याच्या तत्त्वापासून केला. आणि नको असेल त्याला सूट ठेवली, जी फारच थोड्यांनी मागितली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासक्रमाच्या पाहणीत आढळले, की इतरांच्या धार्मिक हक्कांविषयी विद्यार्थ्यांचा आदर वाढला, आणि त्यांनी आपला धर्म सोडण्याचा कल मात्र दिसला नाही. मोडेस्टोत धार्मिक मतभेद नव्हते म्हणून हे जमले असे नाही. ते शहर पुष्कळसे परंपरानिष्ठ आहे आणि तेथे अनेक धर्मांची कुटुंबे राहतात. ते जमले, कारण घराघरांतून उठू शकणारा प्रश्न शाळेने आधीच विचारून ठेवला होता.

आता शाळेच्या बाजूचा सर्वांत कठीण आक्षेप. धडे उघडे केले, तर एक संघटित अल्पसंख्य गट त्यातल्या ओळी वेचून मोहीम उभारेल आणि घाबरलेले शिक्षक सगळेच सोडून देतील. वेस्ट व्हर्जिनियातील कनॉव्हा काउंटीत १९७४ मध्ये भाषाविषयाच्या पुस्तकांवरून जे घडले, ते आठवले की हा आक्षेप अंगावर येतो. बहिष्कार झाले, गोळीबार झाला, शाळांवर स्फोटके फेकली गेली. ही भीती मी नाकारत नाही. परंतु त्या प्रकरणातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी : लोकांच्या हाती जी पत्रके फिरत होती, त्यांतले काही उतारे त्या पुस्तकांत मुळी नव्हतेच. लोक पुस्तकांवर नव्हे, तर पुस्तकांच्या अफवेवर चवताळले होते. अफवेला उतारा गुप्ततेचा नसतो. आणि आज, जेव्हा गृहपाठाच्या कागदाचे छायाचित्र क्षणात गावभर होते, तेव्हा धडा झाकून ठेवता येईल असे समजणे निव्वळ भाबडेपणाचे आहे. धडा बाहेर जाणारच आहे. तो पूर्ण आणि शिक्षकाच्या तोंडून आधी जावा, की अर्धवट आणि दुसऱ्याच्या तोंडून नंतर, एवढाच पर्याय शाळेच्या हाती आहे. शिक्षकाच्या कामाचा बोजा वाढतो, हे खरे, आणि त्यासाठी वेळ व मोबदला व्यवस्थापनाने द्यायला हवा; शिक्षकाच्या पदरमोडीवर ही गोष्ट उभी राहू नये.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो या वादात फारसा कोणी काढत नाही. पालक म्हणजे एक आवाज नव्हे. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या पाठ्यपुस्तकांतील प्राचीन भारताच्या प्रकरणांवरून जो वाद झाला, तो मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही हिंदू संघटनांनी जातिव्यवस्था, स्त्रियांचे स्थान आणि आर्यांचे आगमन या मुद्द्यांवरील मजकुरात बदल सुचवले. त्यांच्या एका तक्रारीत तथ्य होते : इतर धर्मांविषयी लिहिताना जी आस्था दिसते, ती हिंदू धर्माविषयी लिहिताना दिसत नाही, आणि वर्गातल्या मुलीला आपल्या घराची ओळख केवळ दोषांच्या यादीतून होते. पण सुचवलेल्या काही बदलांना इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि दलित संघटनांनी विरोध केला, कारण जातीचा उल्लेख सौम्य केला तर त्यांच्या पूर्वजांनी सोसलेले पुसले जाणार होते. त्यांचीही मुले त्याच वर्गात बसणार होती. मग ‘आमच्या संस्कृतीविषयी आम्हीच सांगू’ या वाक्यातला ‘आम्ही’ कोण? याचसाठी पालकांना अंतिम निर्णयाचा अधिकार देणे चुकीचे आहे. समाजातला जो गट सभेत मोठ्याने बोलतो, तोच समाजाचा प्रतिनिधी ठरतो, आणि त्या समाजातल्या दुबळ्यांचा अनुभव पुस्तकातून आधी गळतो. पालकांनी साक्षीदार म्हणून यावे. आपल्या घरी सण कसा होतो, आपल्या आजीच्या काळी काय होते, पुस्तकातले कोणते वाक्य टोचते, हे सांगावे. साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर तो मतभेदच वर्गात शिकवावा. कोणतीही संस्कृती आतून एकसंध नसते, हे शिकवायला याहून चांगले साधन कोणते?

राहिला सूट देण्याचा प्रश्न. माझ्या मते रेषा अशी असावी : करण्यापासून सूट सदैव मिळावी, जाणण्यापासून नाही. कोणत्याही मुलाला प्रार्थना म्हणायला, विधी करायला, श्रद्धेची घोषणा गिरवायला लावू नये. त्यासाठी पालकाला अर्जही करावा लागू नये, असा उपक्रम मुळातच नसावा. पण शेजारच्या बाकावरची मुलगी रोजा का धरते किंवा मुलगा केस का कापत नाही, हे समजून घेणे म्हणजे श्रद्धेवर आघात नव्हे. क्वेबेकमध्ये २००८ साली नीती आणि धार्मिक संस्कृतीचा विषय सक्तीचा झाला तेव्हा सूट मागणाऱ्या पालकांचे प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने म्हटले, की घरापेक्षा वेगळ्या वास्तवाशी मुलांचा लवकर संबंध येणे हा समाजात राहण्याचाच भाग आहे, आणि केवळ तेवढ्याने पालकांच्या श्रद्धास्वातंत्र्याचा भंग होत नाही. अमेरिकेतील नव्या निकालानंतर कायदा कदाचित अधिक सवलती देईल. कायद्याने दिलेली सवलत शाळेने विनातक्रार द्यावी. परंतु ती मागण्याची गरज पालकांना वाटू नये, हे शाळेचे काम आहे, आणि ते काम न्यायालय करून देणार नाही.

हे काम एका संध्याकाळी सुरू होऊ शकते. सत्राच्या पहिल्या महिन्यात पालकांना वर्गात, मुलांच्याच बाकांवर बसवावे. विषयाची थोरवी सांगणारे भाषण टाळावे. एक धडा हातात द्यावा, आणि तो शक्यतो वादग्रस्त ठरू शकेल असाच असावा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली एक हकिकत त्यासाठी अडीच हजार वर्षांनंतरही उपयोगी आहे. पर्शियाचा राजा दारियस याने ग्रीकांना विचारले, की काय दिले असता तुम्ही आपल्या मृत वडिलांचे शरीर खाल? ते म्हणाले, कशाच्याही मोबदल्यात नाही. मग मृत आईवडिलांना खाण्याची रीत असलेल्या कॅलाटिया नावाच्या भारतीय लोकांना त्याने विचारले, की काय दिले असता तुम्ही त्यांना जाळाल? ते ओरडले, असे अभद्र बोलूही नका. हिरोडोटसचे वर्णन वस्तुस्थितीला किती धरून आहे, यावरही त्याच बैठकीत बोलता येईल, कारण परक्यांविषयीच्या वर्णनाची पारख करणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पालकांना मुलांप्रमाणेच दोन प्रश्न लिहायला द्यावेत : दोघांनाही आपापल्या मृतांविषयी काय वाटत होते, आणि तुमच्या घरची कोणती रीत बाहेरच्या माणसाला अशीच वाटू शकेल? त्यानंतर वर्षभराचे धडे, स्वाध्याय आणि गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवावी आणि शिक्षकाने शांतपणे बाजूला उभे राहावे.

बहुतेक पालक प्रथम हेच पाहतील, की आपल्या मुलाला इतरांविषयी काय सांगितले जाणार आहे. थोड्या वेळाने त्यांच्यापैकी कोणीतरी ते पान शोधील, ज्यात त्याच्याच लोकांविषयी लिहिले आहे. ते तो सावकाश वाचील, मग मान वर करून विचारील, की हे बाकीच्या मुलांना तुम्ही कोणत्या शब्दांत समजावून सांगणार आहात? त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकापाशी आधीपासून तयार असले पाहिजे, आणि ते त्या खोलीतल्या प्रत्येक घराला समोर बसवून देता येईल असे असले पाहिजे.